नाथांची पै आणि गोदेचे पाणी

शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण कीर्तनात अनेकदा ऐकला आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर सद्गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते. त्यांनी नाथांकडे दप्तराचे काम सोपवले होते. एकदा जमाखर्चाचा मेळ बसेना, एका पैचा फरक येऊ लागला. नाथ दिवा लावून वह्या घेऊन बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैच्या शोधात एवढा आनंद असेल, तर हेच चित्त भगवंताकडे लागले म्हणजे किती होईल, असा बोध स्वामींनी केला.

कीर्तनकार महाराज या प्रसंगातून एकाग्रतेचे निरूपण करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याला आणखी एक अंग आहे. सद्गुरूंनी शिष्याला जी सेवा दिली ती हिशेबाची होती. दप्तरातला पैसा किल्ल्याचा होता, म्हणजे पुष्कळांचा होता. जे पुष्कळांचे असते त्यातली एक पैसुद्धा नजरेआड होता कामा नये, हा धडा नाथ देवगिरीवर शिकले. पुढे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेल्या चुका शोधून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. तेही पै शोधण्याचेच काम होते.

आज नाथांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर मराठवाड्याचे सर्वांत मोठे पाणी साठलेले आहे. त्या जलाशयाला नाव नाथांचे आहे. त्या पाण्याचा हिशेब कसा सुरू झाला, कुठे चुकला आणि आता ऋतूच बदलू लागल्यावर तो कसा ठेवायचा, याचा इतिहास आपल्या संप्रदायाने समजून घ्यावा असे वाटते. कारण ही नदी आपल्या संतांची आहे.

गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर होतो. त्याच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांची समाधी आहे. तिथून नाशिक ओलांडून ती नगर आणि संभाजीनगर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. सह्याद्रीतून आलेली प्रवरा टोके येथे प्रवरासंगमावर तिला मिळते. याच प्रवरेच्या काठी नेवाशात शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे पैठण, नाथांचे. पैठणच्या खाली आपेगाव, माउलींच्या पूर्वजांचे. आणखी खाली गंगाखेड, जनाबाईंचे. नकाशावर बोट ठेवून खाली सरकत गेलो तर नदीचा प्रवाह आणि संतांची परंपरा जणू एकाच ओळीत येतात. गंगथडीच्या माणसाला ही नदी गोदावरी नाही, ती गंगाच आहे.

पण या गंगेला पाणी देणारा प्रदेश आणि पाणी मागणारा प्रदेश वेगळे आहेत. त्र्यंबक, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून दीड-दोनशे किलोमीटर पूर्वेला संभाजीनगर जिल्ह्यात तो सातशेच्या आसपास येतो. म्हणजे पैठणला नदी भरून वाहते ती बहुधा पैठणच्या पावसाने नाही. वरच्यांच्या आभाळातले पाणी खालच्यांच्या पात्रात येते. पाण्याच्या सगळ्या वादाचे मूळ या साध्या भूगोलात आहे.

या प्रदेशाला पाण्याची ददात नवी नाही. देवगिरीला दौलताबाद नाव देऊन महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि थोड्याच वर्षांत परत नेली. त्या फसलेल्या बेताच्या कारणांत पाण्याची टंचाईही सांगितली जाते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ अनेक वर्षे चालला. १६३० च्या दुष्काळाने तुकोबारायांच्या घरातला घास नेला आणि माणसेही नेली. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याचे कोठार उघडले ती कथाही दुष्काळाचीच आहे. आपली संतचरित्रे वाचताना दुष्काळ बाजूला काढून ठेवता येत नाही.

नाथांनी शके १५२१ मध्ये, म्हणजे १५९९ मध्ये, गोदावरीत जलसमाधी घेतली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १६१० मध्ये, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी येथे नवे शहर वसवले. हेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर. खडकीजवळून वाहणारी खाम नदी लहान आहे, तिच्या भरवशावर राजधानी उभी राहणे कठीण होते. मलिक अंबरने नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा उत्तरेच्या डोंगरात मुरलेल्या पाण्याकडे पाहिले. जमिनीखालून झिरपणारे हे पाणी गोळा करून, बांधीव नळांतून केवळ उताराच्या आधाराने त्याने ते शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. नळात हवा कोंडू नये आणि दाब सांभाळला जावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उभे खांब बांधले. पुढे अशाच आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी आणणारी नहर त्यांपैकीच एक, आणि तिच्या पाण्यावर जाते फिरत असे.

नहरीची खुबी तिच्या मर्यादेत होती. डोंगरात जेवढे मुरेल तेवढेच नळात येणार, त्यामुळे पाणी मुरण्याची जागा सांभाळणे हाच शहराचा जीव सांभाळणे होते. त्या व्यवस्थेने काही पिढ्या नव्हे, काही शतके काढली. मग शहर पसरले, नहरींवर घरे चढली, विंधन विहिरींनी त्यांच्या तोंडचे पाणी ओढले आणि जुने नळ बहुतांशी कोरडे पडले. तोपर्यंत आपल्या आशेने डोंगराकडे पाठ फिरवून पैठणकडे तोंड केले होते.

पैठणच्या धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली. धरण मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचे होते. जागा बदलली, पण नाव राहिले. बांधकाम चालू असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. राज्यभर लाखो माणसे रोजगारासाठी खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातले सुमारे २६ टीएमसी दरवाजांच्या पातळीखाली राहणारे मृतसाठ्याचे आणि ७६ टीएमसी वापरायचे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पातळी १,५२२ फुटांवर गेली की धरण भरले, हा आकडा पैठणच्या पोराटोरांनाही पाठ असतो.

हे पाणी फुकट आलेले नाही. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे या जलाशयाने बाधित झाली. गंगथडीची काळी, कसदार जमीन पाण्याखाली गेली, देवळे गेली, पार गेले. यातली बरीच गावे नगर जिल्ह्यातली होती. वरचे आणि खालचे असा वाद करताना हे विसरता येणार नाही की नाथसागरासाठी दोन्ही काठांनी घर सोडले आहे.

आता हिशेबाकडे येऊ. गोदावरीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद होता. त्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला आणि १९८० मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. पैठणच्या धरणापर्यंतचे गोदावरीचे पाणी महाराष्ट्राने वापरावे असे ठरले. राज्याचा हिस्सा ठरला. पण राज्याच्या आत तो कुणी किती घ्यायचा, हे पान कोरेच राहिले.

पैठणच्या वर धरणे आधीपासून होती. दारणा १९१६ चे, भंडारदरा १९२६ चे. नगर-नाशिकच्या दुष्काळी पट्ट्याला जगवण्यासाठीच ब्रिटिश काळात हे कालवे काढले गेले. त्या पाण्यावर तिथल्या शेतकऱ्याने ऊस उभा केला, प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना काढला आणि तिथला संसार त्यावर उभा राहिला. पुढे गंगापूर, मुळा आणि आणखी कितीतरी धरणे झाली. जायकवाडीची आखणी करताना वरून इतके पाणी येईल असे जे धरले होते, त्यातले बरेच वरच अडू लागले. वरच्या शेतकऱ्याचे म्हणणे असे की आमचा वापर शंभर वर्षांचा, तो सोडायचा कसा? खालचा शेतकरी विचारी, कालवा खणला, जमीन दिली, आता पाणी कुठे आहे? दोघांचेही खरे होते. कुणी लबाडी केली नव्हती, पण वहीत एकाच पाण्याची नोंद दोनदा झाली होती.

ही चूक दुरुस्त करण्याचा पहिला नेटका प्रयत्न २००५ मध्ये झाला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा त्या वर्षी झाला. त्याच्या बाराव्या कलमात एक तत्त्व आहे. टंचाईच्या वर्षी एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतले पाणी असे नियंत्रित करावे, की ऑक्टोबरअखेर प्रत्येक धरणात उपलब्ध पाण्याचे प्रमाण साधारण सारखे राहील. तूट आली तर ती सर्वांनी आपापल्या प्रमाणात सोसायची. हे तत्त्व कागदावरून नदीत उतरवण्यासाठी हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला, १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने त्यावर आदेश दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. खरिपाचा वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे ५० टीएमसीपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पाणी सोडायचे, अशी पद्धत पडली.

२०२३ साली पावसाने ओढ दिली. ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर मोर्चे झाले, न्यायालयात धाव झाली, आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर पात्र कोरडे झालेले. वरून सुटलेले पाणी आधी वाळू पिते, मग डोह आणि बंधारे भरते, आणि उरलेले खाली पोहोचते. भांडणात गेलेला प्रत्येक दिवस पाणी खातो. त्या पाण्यात मुळा धरणाचाही वाटा होता. मुळा धरणाच्या जलाशयाचे नाव ज्ञानेश्वरसागर आहे. ज्ञानेश्वरसागरातून नाथसागराला पाणी द्यायचे आणि त्यासाठी दोन्हीकडच्या माळकऱ्यांनी एकमेकांविरुद्ध रस्त्यावर बसायचे, हे चित्र आपल्याला शोभते का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

इथवरचा हिशेब एका गृहीतावर चालला होता, की पाऊस कधी कमी, कधी जास्त, पण त्याची चाल साधारण तीच राहील. आता ते गृहीतच डळमळले आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिच्यात मावणारी वाफ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हवा पाणी अधिक काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. खंड लांबतात, सरी मुसळधार होतात. याची चिन्हे आपण डोळ्यांनी पाहिली. ऑगस्ट २००६ मध्ये नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरले. एप्रिल २०१६ मध्ये गोदावरीच्याच खोऱ्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले. २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात होता, आणि ऑगस्टमध्ये नाशिककडच्या पुराने तो भरत आला. तेव्हा पैठणच्या आसपासची शेते मात्र पावसाची वाट पाहत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की उभी पिके वाहून गेली आणि जमीनही खरवडून निघाली.

अशा दिवसांत धरण सांभाळणाऱ्याची कसोटी लागते. कोणत्या तारखेला जलाशय किती भरलेला असावा याचे वेळापत्रक ठरलेले असते. ऑगस्टमध्येच काठोकाठ भरून ठेवले आणि सप्टेंबरात मोठा लोंढा आला, तर दरवाजे एकदम उघडावे लागतात आणि खालची गावे बुडतात. पुराच्या भीतीने जागा मोकळी ठेवली आणि पाऊसच आला नाही, तर वर्षभर तहान. जुन्या नोंदींवर बसवलेले वेळापत्रक नव्या पावसाला पुरे पडत नाही. पावसाचा अंदाज, वरच्या धरणांची स्थिती, पात्रातला प्रवाह यांची बेरीज रोज नव्याने करावी लागते आणि वर-खालच्या सर्व धरणांची वही एकच ठेवावी लागते.

दुसरी गळती उन्हाची. नाथसागर पसरट आहे. सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या पाण्याची सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास भरते. अशा उथळ जलाशयावरून मराठवाड्याचा उन्हाळा किती पाणी उडवून नेत असेल! ऊन वाढेल तशी ही गळती वाढणार. त्यात वरून येणारा गाळ दरवर्षी साठ्याची जागा खातो.

आणि तिसरी गोष्ट शहराची. संभाजीनगर पैठणपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आणि जलाशयापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचीवर आहे. नहरीचे पाणी उताराने आपोआप येत होते, नाथसागराचे पाणी विजेने वर चढवावे लागते. धरण काठोकाठ भरलेले असतानाही या शहराने अनेक दिवसांआड नळाला पाणी पाहिले आहे. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झाले. मोठी जलवाहिनी हवीच. पण नळ मोठा झाला म्हणून नदी मोठी होत नाही. शहराच्या डोंगरात मुरणारे पाणी, हर्सूलचा तलाव, खामचे पात्र, वापरून झालेले पाणी पुन्हा शुद्ध करणे, ही जमेची पानेही वहीत हवीत.

वाटपाचे हे शास्त्र आपल्या मातीला नवीन आहे असे कुणी समजू नये. गोदावरी सोडून थोडे उत्तरेला, धुळे-नाशिक भागात, पांझरा आणि मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एक पीक. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाणी कमी असले की कोणत्या फडाला पाणी द्यायचे हे सर्वांनी बसून ठरवायचे, आणि पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी फिरवायचे. एकाचे सारे पिकले आणि दुसऱ्याचे सारे जळाले असे सहसा होत नसे. २००५ च्या कायद्याने जे कलमात लिहिले ते फडाने आधीच आचरले होते. आजही नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाऊस मोजते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवते. पाऊस कमी झाला तर पीक बदलते. सगळ्या खोऱ्यासाठी हेच करायचे आहे, फक्त ग्रामसभा मोठी आहे.

त्यात ऊस आला, आणि तो वरही आहे, खालीही. बारमाही पाणी पिणारे पीक मोकळ्या पाटाने भिजवायचे आणि टंचाईचा दोष केवळ दुसऱ्या जिल्ह्याला द्यायचा, हा हिशेब नव्हे. जो वाटा मागतो त्याने आपला खर्चही उघड मांडला पाहिजे. हा नियम पैठणलाही लागू आहे, राहुरीलाही आणि शहरातल्या बंगल्यालाही.

वारकऱ्याला हे अवघड वाटू नये. आपण काला करतो तेव्हा प्रत्येकाच्या शिदोरीतले एकत्र करून वाटतो. कुणाची भाकरी किती होती हे वाटताना विचारत नाही, पण कुणी उपाशी राहिला का हे जरूर पाहतो. दिंडीत पुढचा मागच्यासाठी थांबतो. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ महाराजांची पालखी निघते आणि पैठणहून नाथांची. वरचे आणि खालचे दोघे एकाच वाळवंटात येऊन एकमेकांच्या पाया पडतात. तिथे ज्याच्या पायावर डोके ठेवले, त्याच्या वाट्याचे पाणी ऑक्टोबरात कसे अडवायचे? दोन्हीकडच्या फडकऱ्यांनी आणि दिंडीप्रमुखांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल, की पंधरा ऑक्टोबरचे आकडे आपापल्या गावात वाचून दाखवावेत, वरच्या धरणांचे खाली आणि नाथसागराचे वर. आकडे माहीत असले की अफवा कमी होतात, आणि अफवा कमी झाल्या की मन मोकळे होते.

रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण दयेची म्हणून सांगतो. त्या कावडीत किती पाणी आहे, ते कशासाठी आणले आहे आणि आता कुणाला त्याची अधिक गरज आहे, हे तिन्ही नाथांना स्पष्ट होते. म्हणून त्यांचा हात अडखळला नाही.

पैठणला नाथवाड्यात रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष भगवंताने ज्यात पाणी भरले तोच हा, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात गोदेचे पाणी घालू लागतात आणि षष्ठीपर्यंत तो भरून वाहतो. कुणाच्या घागरीने भरला हे आधी कुणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक जण आपली घागर पूर्ण भरून आणतो. पुढच्या नाथषष्ठीला घागर खांद्यावर घेताना एवढे ध्यानात ठेवू, की या पाण्याचा पाऊस बहुतेक त्र्यंबकच्या डोंगरावर पडला होता, नेवाशाच्या शिवारातून तो आला, आणि आपेगाव-गंगाखेडला अजून त्याची वाट पाहणारे लोक आहेत.

रामकृष्णहरि!